तो स्क्रू फिरवायचा नसतो

थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग, हातात घेऊन मी वर्गात उभी राहते, तेव्हा तिच्या कडेचा एक बारीक स्क्रू मुलामुलींना सगळ्यात आधी दाखवते. त्याच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका असतो. कारखान्यातून निघतानाच तो लावलेला असतो आणि त्याचा अर्थ सरळ आहे: इथे हात लावू नका. मी म्हणते, बाकी काय खोलायचं ते खोला, बिघडलं तर मी आहे. पण तो स्क्रू फिरवायचा नसतो. मग मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास विचारतं, "काहून मॅडम?" आणि मी चिडते. चिडका स्वभाव मला बाबांकडून मिळाला आहे, त्याला इलाज नाही. पण प्रश्न बरोबर असतो, म्हणून उत्तरही देते.

अमरावतीच्या एका सरकारी प्रशिक्षण संस्थेत मी मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवते. सुरुवातीला बाई इंजिन कसं खोलते हे बघायला दुसऱ्या ट्रेडची पोरं दारात गर्दी करायची. आता कोणाला त्याचं काही वाटत नाही.

तर उत्तर असं. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत, उभ्या गाडीचं इंजिन किती वेगाने फिरत राहील हे मिस्त्रीचा स्क्रूड्रायव्हर ठरवायचा. नव्या गाडीत ते कॉम्प्युटर ठरवतो. डॅशबोर्डच्या मागे बसवलेला तो डबा सतत विचारपूस करत असतो. हवा किती आत आली, पाणी किती तापलं, क्रँक कुठवर फिरला, ॲक्सिलरेटर दाबलाय की सोडलाय, जळून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला. सेन्सर त्याला उत्तरं देतात. त्यावरून तो इंजेक्टर डोळ्याची पापणी लवायच्याही आत उघडतो आणि मिटतो, तेवढंच पेट्रोल फवारतो, आणि पिस्टन वर पोचायच्या किती आधी ठिणगी पाडायची तेही ठरवतो. चौकात गाडी उभी असते, पाय ॲक्सिलरेटरवर नसतो, तेव्हा हवेची मुख्य वाट उघडणारी-मिटणारी थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली असते. इंजिनाला श्वास घ्यायला एक वेगळी बारीक वाट ठेवलेली असते आणि त्या वाटेवर एक व्हॉल्व्ह असतो. हेडलाइट लावला, इंजिनावर भार आला, की कॉम्प्युटर तो व्हॉल्व्ह थोडा उघडतो. भार गेला की मिटतो. म्हणून नव्या गाडीचं इंजिन उभ्या जागी एका सुरात फिरतं.

तो स्क्रू म्हणजे चकतीने कुठवर मिटायचं याची हद्द. ती हद्द कोणी सरकवली तर चकतीतूनच जास्त हवा आत शिरते आणि इंजिनाचा वेग वाढतो. कॉम्प्युटरला ते पटत नाही. तो व्हॉल्व्ह मिटत नेतो, ठिणगी जरा उशिरा पाडतो आणि वेग पुन्हा जागेवर आणतो. बाहेरून बघणाऱ्याला काही झालं असं वाटतच नाही. व्हॉल्व्ह पूर्ण मिटला की मात्र त्याच्या हातात काही उरत नाही, आणि मग इंजिन उभ्या जागी बोंबलत राहतं.

हे सगळं मी दर वर्षी सांगते. ज्या माणसाने मला पाना धरायला शिकवलं त्यानेच तो स्क्रू फिरवला होता, हे मात्र वर्गात कधी सांगितलेलं नाही.

बाबांचं गॅरेज अकोल्याला. पत्र्याचं शेड, आत कायम ऑइलचा वास, आणि भिंतीवर निळ्या कोटातला फोटो. त्या फोटोला रोज सकाळी ताजं फूल, मग शटर पूर्ण वर, मग काम. आमच्या आजोबांच्या पिढीने छप्पन सालानंतर गावातली पूर्वापारची कामं सोडली, आणि बाबा नांदगाव खंडेश्वरकडच्या खेड्यातून निघून अकोल्यात एका गॅरेजवर लागले. पुढे स्वतःचं दुकान झालं. लोक त्यांना मिस्त्री म्हणत. हाक मारायला नाव कोणी वापरलंच नाही.

त्यांची ख्याती कानाची होती. कार्बोरेटरची गाडी आली की ते आधी बॉनेट उघडायचे नाहीत. मालकाला म्हणायचे, चालू ठेव आणि गप राहा. मग मान जरा वाकडी करून उभे राहायचे. त्यानंतर लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर काढायचे, त्याचं टोक इंजिनावर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायचे. कुठला व्हॉल्व्ह वाजतो, कुठला प्लग मधूनच ठिणगी चुकवतो, हे त्या हाडातून त्यांना कळायचं. शेवटी स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, आणि इंजिन असं शांत व्हायचं की मालकाच्या चेहऱ्यावरही शांती यायची. कोणताही स्क्रू फिरवण्याआधी मात्र ते त्याच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून एक बारीक चरा ओढायचे. "जिथून निघालो तिथी वापस येता आलं पायजे," असं ते मला लहानपणी सांगायचे. ही सवय मी त्यांच्याकडून घेतली आणि ती माझ्या विद्यार्थ्यांनाही लावली.

इंजेक्शनच्या, म्हणजे कॉम्प्युटरवाल्या, गाड्या आल्या तेव्हा त्यांच्या वयाच्या बऱ्याच मिस्त्रींनी हात झटकले. बाबांनी झटकले नाहीत. मी ट्रेड शिकत होते आणि सुट्टीला घरी आले की माझी पुस्तकं तेच आधी उघडायचे. मी गाडीच्या कॉम्प्युटरमधलं वाचून दाखवणारा स्कॅनर घेतला तर तोही त्यांनी दोन दिवसांत अंगवळणी पाडला. "कॉम्प्युटरले इचारून पाय," म्हणायचे, आणि कॉम्प्युटरने सांगितलेलं निमूट ऐकायचे. सांगायचं एवढंच, की पिवळ्या ठिपक्याचा अर्थ बाबांना ठाऊक नव्हता असं कोणी समजू नये. त्यांना तो माझ्याइतकाच ठाऊक होता.

आई दुकानाच्या दारातच बसायची. एका मोडीत काढलेल्या गाडीची मागची सीट बाबांनी विटांवर ठेवली होती, ती तिची जागा. घरातलं आटोपलं की ती अंबाडीची भाजी नाहीतर तुरीच्या शेंगा घेऊन तिथे येऊन बसायची. गिऱ्हाईक आलं, त्याने गाडीची तक्रार सांगितली, की आई ती पुन्हा मोठ्याने सांगायची. "अवो, म्हंते, चढावावर दम सोडते." "म्हंते, सकाळी लवकर घेत नाई." लोक हसायचे. मिस्त्रीपेक्षा बाईच गाडी जास्त समजते, असं तिच्या तोंडावर म्हणायचे. तिला ते चालायचं. मला मात्र तिचं हे मधेमधे बोलणं अजिबात आवडायचं नाही, आणि मी ते बोलूनही दाखवायचे.

आणखी एक गोष्ट ती करायची. बाबांनी स्टार्टर मारला आणि इंजिन लागलं, की ती बसल्या जागेवरून उजवा हात वर करायची. तळवा बाबांकडे. बाबा तिकडे बघायचे, किल्लीवरची बोटं काढायचे आणि कामाला लागायचे. मी एकदा सुट्टीत तिला चिडवलं, "काय व माय, गाडीले आशीर्वाद देऊन रायली का?"

"हो," ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "माह्याबगर चालू होत नाई थे."

आम्ही दोघी हसलो होतो.

आई गेली, तेव्हा विहारातली माणसं, गॅरेजच्या लाईनमधले मिस्त्री, सगळे आले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे परतले, आणि बाबांचं काय करायचं हा विषय निघाला. मी एकटीच मुलगी. माझं घर अमरावतीला, मुलं-नोकरी तिथे. मी म्हटलं, बाबा, माझ्याकडे चला. ते म्हणाले, नाही. मी चिडले, तेही चिडले. शेवटी त्यांनी एक शब्द दिला.

"हात चालते तवरोक दुकान चालन. ज्या दिवशी मले गाडीचं समजनासं होईन, त्या दिवशी मीच येतो तुह्या घरी. तू मले न्याले येऊ नको."

मी ते मान्य केलं. बाबांच्या शब्दाबद्दल मला कधी शंका घ्यावी लागली नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्यांना ते शेड सोडायला लावणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. त्या शेडमध्ये ते मिस्त्री होते. माझ्या घरात ते कोणाचे तरी वडील म्हणून खुर्चीत बसले असते.

त्यानंतर अधूनमधून फोन व्हायचा. पूर्वी फोनवर आईच बोलायची. आता बाबा बोलायचे, म्हणजे त्यांना जे सांगायचं ते सांगायचे आणि ठेवून द्यायचे. मी काही विचारलं तर उत्तर भलत्याच गोष्टीचं यायचं. मला वाटलं, फोनवर बोलायची सवय नाही माणसाला. एकदा म्हणाले, व्हॅनचा स्टार्टर गेला. आमची पांढरी पेट्रोल व्हॅन, इंजेक्शनची, बाबा ती स्वतः चालवायचे आणि रविवारी विहारात येणाऱ्या म्हाताऱ्या बायांना तिच्यातून ने-आण करायचे. काही महिन्यांनी म्हणाले, स्टार्टर पुन्हा गेला, बाजारात मालच खराब येऊन राहिला आहे. एका व्हॅनचा स्टार्टर इतक्या लवकर दुसऱ्यांदा जात नाही. पण बाबांच्या हातातली गाडी, म्हणून मी खोलात शिरले नाही.

आईचं वर्ष होत आलं, तेव्हा एका रविवारी मी सकाळच्या बसने अकोल्याला गेले. गल्लीत वळले आणि मला व्हॅनचा आवाज आला. गाडी शेडसमोर उभी होती, चाक हलत नव्हतं आणि इंजिन मात्र घाट चढत असल्यासारखं ओरडत होतं. बाबा शेजारी फडक्याने हात पुसत उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यभर चुकीच्या आवाजावर नाक मुरडलं, तो या आवाजात निवांत उभा होता.

"बाबा, हे काय आयकून रायले तुमी?" मी बॅग खाली ठेवायच्या आतच म्हटलं.

"तू आली का," ते म्हणाले. "चाय मांडतो."

मी व्हॅनमध्ये डोकावले. डॅशबोर्डवर जिथे इंजिनाच्या बिघाडाचा दिवा लागतो, तिथे एक मरून टिकली चिकटवलेली होती. आईच्या पाकिटातली. टिकलीच्या कडेने पिवळा उजेड दिसत होता.

"हे काय लावलं?"

हे त्यांना कळलं, कारण मी बोटाने दाखवत होते. "उगाच डोयात जाते थो दिवा," ते म्हणाले.

स्कॅनर माझ्या बॅगेत असतोच. मी तो स्टिअरिंगखाली जोडला. पडद्यावर आकडे आले आणि मी माझ्या वर्गात शिकवते तेच चित्र समोर दिसलं. इंजिनाचा वेग हवा त्याच्या जवळजवळ दुप्पट. हवेच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला. ठिणगी जितकी उशिरा पाडता येईल तितकी उशिरा. कॉम्प्युटरने त्याच्या हातात होतं ते सगळं करून बघितलं होतं, आणि शेवटी दिवा लावून सांगायचा प्रयत्न केला होता, त्यावर टिकली बसली होती. मी इंजिन बंद केलं, टॉर्च घेऊन थ्रॉटल बॉडी शोधली. स्क्रूवरचा पिवळा ठिपका फुटलेला होता.

माझं डोकं फिरलं. "कोण्या येड्यानं हात लावला इथी?" मी ओरडले, आणि बहुतेक त्यामुळेच त्यांना ते नीट ऐकू आलं.

"मी," बाबा म्हणाले.

एवढंच. कारण विचारलं तर चहा उतू जाईल म्हणून आत गेले. मी टॉर्च आणखी जवळ नेली. स्क्रूच्या डोक्यावर त्यांचा चरा होता आणि शेजारच्या धातूवर त्याचा जोडीदार, जिथून निघालो तिथे परत येण्यासाठी. पण धातूवर चरा एकच नव्हता. पहिल्याच्या थोडा पुढे दुसरा, त्याच्या पुढे तिसरा, आणखी पुढे एक. प्रत्येक वेळी खूण करून ते थोडे पुढे गेले होते. हे चुकून झालेलं काम नव्हतं. सावधपणे, हद्द लक्षात ठेवत, पुन्हा पुन्हा केलेलं होतं. मला ते कळेना आणि कळत नाही म्हणून राग अजून वाढला.

त्यांनी चहा आणला. मी तो प्यायले आणि कामाला लागले. स्क्रू मागे घेत घेत पहिल्या चऱ्याला आणून मिळवला. कॉम्प्युटरने जे चुकीचं शिकून ठेवलं होतं ते पुसलं. मग इंजिन चालू करून, दिवे-पंखा सगळं बंद ठेवून, त्याला पुन्हा आपली वाट शिकू दिली. व्हॉल्व्ह हळूहळू उघडला, वेग उतरत गेला आणि एका जागी स्थिर झाला. हेडलाइट लावून बघितला. इंजिन किंचित दबलं आणि लगेच सावरलं. सुंदर काम झालं होतं. मी गाडी बंद केली आणि बाबांना हाताने खूण केली की आता तुम्ही चालू करून बघा.

ते बसले. मी गाडीसमोर उभी होते. त्यांनी किल्ली फिरवली, इंजिन लगेच लागलं, आणि इतक्या हलक्या आवाजात फिरायला लागलं की मला स्वतःला बरं वाटलं. बाबा किल्लीवर बोटं ठेवून समोर बघत राहिले. मग त्यांनी किल्ली पुन्हा फिरवली.

चालू इंजिनावर स्टार्टर मारला की कसा आवाज होतो तो ज्याने ऐकला त्यालाच माहीत. फिरत्या चाकाच्या दातांवर स्टार्टरचे दात करकरत घासतात. मी दोन्ही हात वर करून ओरडले. बाबांनी माझा चेहरा बघितला आणि किल्ली सोडली.

"बंद पडली होती," ते म्हणाले.

"नाई बाबा. चालू होती. आताई चालूच आहे."

त्यांनी दाराकडे बघितलं. विटांवरची ती सीट अजून तिथेच होती. तिच्यावर जुन्या रबरी नळ्या पडल्या होत्या.

मला सगळं एकदम कळलं. दोनदा गेलेला स्टार्टर, फोनवरची भलतीच उत्तरं, गिऱ्हाइकाचं बोलणं मोठ्याने पुन्हा सांगणारी आई, आणि तिचा तो वर केलेला हात. ती आशीर्वाद देत नव्हती, मालकीही गाजवत नव्हती. इंजिन लागलं, आता किल्ली सोडा, एवढंच ती त्यांना रोज सांगत होती.

मी गाडी बंद केली आणि त्यांच्या शेजारी, पुढच्या सीटवर जाऊन बसले. त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन विचारलं, "कवापासून?"

"लय दिस झाले," ते म्हणाले. "आयुष्यभर सायलेन्सर नसलेल्या गाड्यायच्या बाजूले उभा रायलो, मंग काय होईन. जुनं इंजिन त सीटवर बसलं का समजे, अंग हालवे थे. हे नवे इंजिन हालतई नाई. तुह्या मायले ठाऊक होतं."

"मले काहून नाई सांगतलं?"

"तू उचलून नेलं असतं मले."

ते खरं होतं. मी नेलंच असतं. तरी मला राग आला, आणि तो बाबांचा नाही, आईचा. इतकी वर्षं तिने ते एकटीने सांभाळलं, त्या व्हॉल्व्हसारखं आपल्या परीने भागवत राहिली, आणि मला सुट्टीत येऊन तिला चिडवू दिलं. जाताना तरी सांगून जायचं. मी त्या गाडीत बसून रडले. बाबा माझ्या पाठीवर हात ठेवून बसले. त्यांच्या हाताला पेट्रोलचा वास होता.

थोड्या वेळाने त्यांनी आपणहूनच स्क्रूचं सांगितलं. आई गेल्यावर त्यांना गाडी चालू आहे की बंद हेच समजेना. म्हणून त्यांनी चरा ओढून स्क्रू थोडा फिरवला. वेग वाढला, आवाज आला. बरं वाटलं. "मंग चार-आठ दिसानं पुन्हा आयकू येईना. मले वाटलं, कान अजून गेला. पुन्हा वाढवली. पुन्हा तेच. दर खेपी म्हनलं, आता एवढा गेला, आता एवढा गेला."

त्यांनी वाढवलेला वेग कॉम्प्युटर चार-आठ दिवसांत जागेवर आणत होता. व्हॉल्व्ह मिटून, ठिणगी मागे सारून, जसं त्याने करायला हवं तसंच. आवाज गाडीचा कमी होत होता आणि बाबा तो आपल्या कानाच्या खात्यावर मांडत होते. ज्यांनी ही सगळी विद्या माझ्या पुस्तकांतून उभ्या उभ्या वाचून काढली होती, त्यांना भीतीपुढे त्यातलं काही आठवलं नाही. धातूवरचे ते चरे म्हणजे, त्यांच्या हिशेबाने, ते एकटे बहिरे होत गेल्याच्या खुणा होत्या.

"कान नाई गेला, बाबा," मी मोठ्याने, सावकाश सांगितलं. "गाडीनं आपला आवाज कमी केला. कॉम्प्युटरनं. तुमी वाढवत होते, थो उतरवत होता."

त्यांना ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते हसले नाहीत. डॅशबोर्डकडे बघत म्हणाले, "मंग कान पयले होता तेवढाच हाय?"

"असंन."

"तेवढाई काई कामाचा नाई," ते म्हणाले. पण त्यांचे खांदे जरा सैल झाले, ते मी पाहिलं.

त्या दिवशी मी चक्क बाजू बदलली. जी मी आई गेल्यावर त्यांना चला म्हणत होते, तीच म्हणायला लागले, दुकान बंद करू नका. कानाला मशीन मिळतं. गाडीला मीटर लावून देते, इंजिनाचा वेग आकड्यात दिसेल, ऐकायची गरजच नाही. मी बराच वेळ बोलले. त्यांनी माझ्या ओठांकडे बघत सगळं ऐकून घेतलं.

"आपल्या गाडीले मीटर लावशीन," ते म्हणाले. "लोकायच्या गाड्यायचं काय? लोक माह्या कानाच्या भरोशावर गाडी देऊन जाते. चालू हाय का बंद हाय, हेच ज्याले समजत नाई, त्यानं लोकायच्या गाड्या घेऊ नाई. मी तुले शब्द देला होता."

मी न्यायला गेले नाही. आलेली कामं पुरी करून, हत्यारं पुसून, गल्लीतल्या दुसऱ्या मिस्त्रीकडे आपली गिऱ्हाइकं सोपवून ते स्वतःच आले. शटर ओढलं तेव्हा मी तिथे नव्हते. फोटो आणि लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर एवढं दुकानातून घेतलं होतं. व्हॅन शेजारच्याने चालवत आणून दिली, बाबा त्याच्या बाजूला बसून आले. एवढ्या वर्षांत त्यांना स्वतःच्या गाडीत बाजूच्या सीटवर मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला ते बघवलं नाही. मी सामान उचलायच्या निमित्ताने मागच्या दाराकडे गेले.

अमरावतीत कान तपासले. मोठ्या आवाजात आयुष्य गेलेल्या माणसाचे असतात तसे निघाले; जे गेलं ते परत येणार नव्हतं. मशीन बसवलं. माणसांचं बोलणं त्यातून बऱ्यापैकी येतं, बातम्या येतात, नातवंडांची भांडणं येतात. इंजिन मात्र येत नाही. म्हणजे आवाज येतो, पण पत्र्यावर खडे पडल्यासारखा, त्यातून काही वाचता येत नाही म्हणतात. स्क्रूड्रायव्हर त्यांनी एकदा कानामागे लावून पाहिला होता. मग तो पुसून माझ्या हत्यारांच्या पेटीत ठेवला. "तुह्या कामाचा हाय," म्हणाले. मी तो वापरते.

व्हॅन आमच्या अंगणात उभी असते. लांब ते आता नेत नाहीत. पण बॅटरी बसू नये म्हणून रोज सकाळी ती चालू करून थोडा वेळ ठेवायची, हे काम त्यांनी घेतलं आहे. मी मीटर बसवून दिला होता. सुरुवातीला ते किल्ली फिरवून, डोळे बारीक करून, त्या आकड्याकडे बघायचे. परक्या गावात पाटी वाचणाऱ्या माणसासारखा चेहरा व्हायचा. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायचे आणि आत वळायचे.

मागच्या पावसाळ्यातली एक सकाळ. मी दारात बसून अंबाडी निवडत होते. बाबा व्हॅनमध्ये बसले, मशीन कानातून काढून डॅशबोर्डवर ठेवलं, टिकलीच्या शेजारी. टिकली त्यांनी काढलेली नाही. आता तिच्याखाली दिवा लागत नाही. त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन लागलं, अगदी हलकं. त्यांनी मीटरकडे बघितलं नाही. मान वळवून दाराकडे बघितलं, सवयीने, आणि दारात कोण आहे हे त्या क्षणी त्यांच्या लक्षात होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. किल्लीवर बोटं तशीच होती.

भाजी मांडीवर ठेवून मी उजवा हात वर केला. तळवा त्यांच्याकडे.

त्यांनी किल्ली सोडली.